अक्काच्या वाट्याची साखर

अक्का गेली त्या सकाळी मी कळंबला माझ्या घरी होते. आदल्या दिवसापर्यंत धाराशिवच्या दवाखान्यात तिच्या उशाशीच बसून होते, पण माझ्या गोळ्या संपल्या आणि तिनंच मला हाकललं. ‘‘आधी गोळ्या घेऊन ये जा. म्या कुठं पळून चाल्ले?’’ सकाळी भाच्याचा, बाळूचा, फोन आला. ‘‘मावशी… आई गेली.’’ फोन तसाच कानाला लावून मी बराच वेळ ओट्याशी उभी होते.

तेरला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. अक्काचं सासर तेरचं, लग्न झाल्यापासून तिनं ते गाव सोडलं नाही, त्यामुळं अर्धं गाव दारात होतं. बायका गळ्यात पडत होत्या, रडत होत्या, आणि रडणं ओसरलं की डोळे पुसत पुसत प्रत्येक जण एकच विचारत होती, ‘‘शुगर वाढलती का ओ?’’ मी सांगत होते, शुगर नव्हती, न्यूमोनिया झाला होता, छातीत कफ साठला. त्यावर समोरची थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघायची. एक म्हातारी तर म्हणाली, ‘‘शुगर नव्हती? मग एवढी वर्सं पथ्य कशाचं करत होती बाई ही?’’

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर अंगणात उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं. आता दीड-दोन महिने झालेत. घरात शांतता आहे. म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं माहेर बेंबळीचं. घरची शेती बऱ्यापैकी होती, खाऊन-पिऊन सुखी घर. आम्ही दोघीच बहिणी, अक्का म्हणजे कौसल्या मोठी आणि मी शकुंतला, तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णांचा आजार घरात पहिल्यांदा अक्काच्या लक्षात आला. गोठ्यामागं अण्णा जिथं लघवीला जात तिथं मुंग्यांची रांग लागते, हे तिनं पाहिलं आणि आईला सांगितलं. आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला, असलं काही बघू नये म्हणून. पण अण्णा वाळत चालले होते, तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते, आणि शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी नाव घेतलं तेव्हा अक्काचंच खरं ठरलं. पुढं नांगराचा फाळ लागून अण्णांच्या पायाला जखम झाली. ती भरलीच नाही. रोज संध्याकाळी अक्का गरम पाण्यानं तो पाय धुवायची, फडकं बदलायची. मी दारात बसून पाटीवर चित्रं काढत असायची, वास आला की उठून बाहेर जायची. अक्का उठायची नाही. ज्वारीच्या मळणीनंतर अण्णा गेले. अक्काची शाळा त्याआधीच सुटली होती.

दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि जायच्या आधी अण्णांच्या बहिणीनं, आमच्या आत्यानं, अक्काला जवळ ओढून तिच्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, ‘‘अगदी अण्णाचं तोंड हाय गं तुझं. जप बाई. आमच्या घरात ही बिमारी एका पिढीत एकाला धरती. तुझ्या आज्जाचा पाय असाच सडला, त्याच्या भावाला काही झालं न्हाय. आमच्यात अण्णाला धरलं, मला आन् धाकट्याला सोडलं. एकाला नेती आन् बाकीच्यांना सोडती.’’

आत्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तिनं जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते सांगितलं. पण आम्हा दोघींना ते वाक्य कायमचं पुरलं. आमच्या पिढीत आम्ही दोघीच. चुलत्यांना मूलबाळ नव्हतं, आत्याची मुलं दुसऱ्या घरची धरली जात. म्हणजे दोघींतली एक. आणि कोण, ते अक्काच्या तोंडावरच लिहिलेलं. गोल चेहरा, रुंद कपाळ, नाकाच्या वर जुळलेल्या भुवया, सगळं अण्णांचं. मी आईसारखी, लांबट तोंडाची, पातळ केसांची. पुढं मी कळंबच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागले, मुलींना चेहऱ्याची ठेवण काढायला शिकवताना हटकून अक्का आठवायची. चेहरा आणि आजार एकत्र येतात की नाही, हे काही मी कुणाला विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. माझ्या वाट्याला ती नाही, हे ठरलेलं होतं.

अक्कानं ते किती मनावर घेतलं, हे तिच्या लग्नाच्या वेळी कळलं. तेरचं स्थळ आलं होतं. मुलगा शेती बघणारा, घर चांगलं. बैठकीत सगळं जुळत आलं, आणि चहाचा ट्रे घेऊन आलेली अक्का तो ठेवून आत जायच्या ऐवजी तिथंच उभी राहिली. खाली बघत पण स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘‘आमचे अण्णा साखरेच्या बिमारीनं गेले. आमच्या घरात ती एका पिढीत एकाला व्हती. ह्या पिढीत ती माझी हाय. तुमाला सांगितलेलं बरं.’’ चुलत्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. आईनं आत पदर तोंडाला लावला. आता स्थळ मोडलंच, असं सगळ्यांना वाटलं. मुलाचे वडील मात्र हसले. म्हणाले, ‘‘पोरी, आमच्या घरात समद्यांचं डोस्कं गरम हाय, ते बी सांगून टाकतो. कुणाच्या घरात काय न्हाय?’’ लग्न ठरलं.

दाजी फार मिश्कील माणूस. त्यांनी त्या साखरेचं नाव सवत ठेवलं होतं. ‘‘माझी बायकू येताना सवत संगं घेऊन आली,’’ असं पाहुण्यांना सांगायचे. वर्षातून एकदा अक्का एस.टी.नं जाऊन रक्त तपासून यायची. ती परत आली की दाजी ओसरीवरूनच विचारायचे, ‘‘काय, आली का सवत?’’ अक्का म्हणायची, ‘‘न्हाय अजून.’’ ‘‘रुसली असंल,’’ दाजी म्हणायचे. ही चेष्टा त्यांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत चालली. ते हृदयविकारानं गेले, त्यांना स्वतःला साखर होती की नव्हती ते कुणी कधी तपासलंच नाही. घरात काळजी करायची जागा एकच होती आणि ती अक्कानं अडवून ठेवली होती.

तिचं पथ्य असं होतं की गावात कुणालाही वाटावं, हिला कधीचा आजार आहे. होळीला सगळ्यांसाठी पुरण वाटायची, पोळ्या लाटायची, आणि स्वतःच्या ताटात बिनपुरणाची पोळी आणि कटाची आमटी घ्यायची. बाळू झाला तेव्हा पेढे वाटले, तिनं पेढ्याला फक्त कपाळाला लावण्यापुरता हात लावला. संक्रांतीला तिळगूळ घ्यायची आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवायची, नंतर पोरांना द्यायची. गूळ नाही, काकवी नाही, केळं नाही. मात्र भजी चालायची. तपासणी करून परत येताना एस.टी. स्टँडवर ती पोटभर भजी खायची, वर तळलेल्या मिरच्या. मी एकदा म्हटलं, ‘‘अक्का, एवढं तेल?’’ तर म्हणाली, ‘‘भजी गोड असत्यात व्हय?’’ तिच्या लेखी शत्रू एकच होता, आणि तो गोड होता. शेतातलं काम मात्र भरपूर होतं, दिवसभर पायावर. माझ्या डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं, त्या चालण्यानंच कदाचित तिला सांभाळलं असेल. कदाचित. खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही, हेही त्याच म्हणाल्या.

इकडं कळंबला माझं चाललं होतं ते अगदी उलट. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणाच्या तरी घरी कुणाला तरी साखर निघाल्याची बातमी असायची, आणि मग प्रत्येक जण आपण कसे सुरक्षित आहोत ते सांगायची. एक बाई किडकिडीत होत्या, त्या म्हणायच्या, ही जाड्यांची बिमारी. दुसऱ्या चांगल्या अंगानं भरलेल्या, त्या म्हणायच्या, माझ्या माहेरी-सासरी कुणालाच नाही, मग मला कुठून येणार? एकींचं म्हणणं, मी कुठल्या गोष्टीचं टेन्शनच घेत नाही. एकींनी रोज सकाळी कारल्याचा रस चालू केला होता, त्यावर त्या दोन वाट्या बासुंदी खायच्या. शिपाईमामा म्हणायचे, ‘‘आमी कष्टाची माणसं, आमाला न्हाय व्हत.’’ मी आईच्या तोंडावळ्याची आणि शिवाय माझ्या वाटची साखर अक्कानं आधीच घेतलेली. याहून भक्कम कारण कुणाकडंच नव्हतं. दिवसभर खुर्चीवर बसून वह्या तपासत होते, भात आवडीनं खात होते, गोडाला नाही म्हणत नव्हते. यात काही चुकतंय असं एकदाही मनात आलं नाही. मला वाटतं कुणाच्याच मनात येत नाही. आपल्याला न होण्याचं कारण माणूस आधी शोधून ठेवतो आणि मग त्यावर निवांत झोपतो.

निवृत्तीनंतर मला अक्षरं धूसर दिसायला लागली. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी डोळे बघितले आणि म्हणाले, आधी रक्ताची साखर तपासून या. मी हसून म्हटलं, ‘‘डॉक्टर, ती माझ्या बहिणीकडं असते.’’ त्यांना काही कळलं नाही. तपासणीत साखर भलतीच वाढलेली निघाली. मी लॅबमधल्या मुलीला दोनदा म्हटलं, नाव नीट बघा, दुसऱ्या कुणाचं असेल. तिनं शांतपणे दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच.

रात्री अक्काला फोन केला. सहज सांगावं तसं सांगितलं, कारण मला अजून ते खरंच वाटत नव्हतं. ती म्हणाली, ‘‘तुला?… ती माझी व्हती गं.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी, ढोकीला गाडी बदलून, ती माझ्या दारात उभी. हातात पिशवी नाही, अंगावरच्या लुगड्यानिशी आलेली. मी तिला पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. स्वयंपाकघरात खाली बसली आणि रडायला लागली. अण्णा गेले तेव्हा ती रडल्याचं मला आठवत नाही, दाजी गेले तेव्हाही ती चार लोकांत रडली नव्हती. मी म्हटलं, ‘‘अक्का, एवढं काय? गोळ्या दिल्यात, आता काय अण्णांचा काळ राहिला नाही.’’ ती मान हलवत राहिली.

‘‘तुला न्हाय कळायचं. आत्यानं सांगितलं तवाच म्या मनाशी ठरवलतं. दोघीतली एक, तर म्याच. तू लहान व्हतीस, तुला वासानं वकारी यायची. मला सवय झालती. म्हणून म्या म्हणलं, येऊ दे माझ्याकडं. पण मग लगीन झालं, लेकरं झाली, आन् मला भ्या वाटायला लागलं गं… लेकरं लहान, म्या गेले तर? म्हणून पथ्य करत राहिले. लई पथ्य केलं. दार लावून घेतलं म्या. मग ती तुझ्या दारात गेली.’’

तिच्या पथ्यामागं भीती होती हे मला ठाऊक होतं, दाजींना ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं. पण त्या भीतीच्या खाली हा दुसरा हिशेब तिनं एवढी वर्षं एकटीनं धरून ठेवला होता, हे कुणालाच माहीत नव्हतं. दरवर्षी रक्त तपासून परत येताना ‘न्हाय अजून’ म्हणताना तिला बरं वाटत असेल असं आम्ही धरून चाललो होतो. तिला बरं वाटायचं, आणि लगेच माझी आठवण यायची, असं तिनं मला त्या दुपारी सांगितलं.

मी काही बोलायच्या आत ती उठली. ओट्यावरच्या फळीवर डबे होते. तिनं साखरेचा डबा ओढला, झाकण काढलं आणि मूठभर साखर तोंडात टाकली. तशीच, कोरडी. गालावरून पाणी वाहतंय आणि ही साखर चावतेय. मी तिचा हात धरला तर तिनं झटकला. ‘‘सोड. आता म्या खाते. बघू कशी माझ्याकडं येत न्हाय ते.’’

तेव्हा मला हसू आलं, खरं सांगते. आणि मी डबा तिच्या हातातून ओढून घेतला.

तेरला गेल्यावर तिनं ते खरंच चालू केलं. बाळूचा फोन यायचा, ‘‘मावशी, आईला काय झालंय? पेढे मागवतीय. गुळाचा खडा घेऊन बसतीय ओसरीवर.’’ सुनेला वाटलं सासूबाईंना म्हातारचळ लागला. गावातल्या बायकांना वाटलं कुण्या वैदूच्या औषधानं बरी झाली, आता खातेय बिचारी. ज्या बाईनं तारुण्यात, लेकरांच्या बारशात, स्वतःच्या लग्नात गोड खाल्लं नाही, ती सत्तरीला टेकताना न आवडणाऱ्या औषधासारखं गोड गिळत होती. आवडत नव्हतंच तिला. जिभेची सवय गेली होती. बाळू म्हणाला, पेढा खाताना ती तोंड वाकडं करते.

शेवटी मी तिला माझ्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. तरुण बाई, कळंबमध्येच दवाखाना. अक्कानं तिथं सगळं सांगितलं, आत्याचं बोलणं, आज्जाचा पाय, अण्णांचं तोंड. डॉक्टर मध्ये न बोलता ऐकत होत्या. बाहेर पेशंट वाट बघत होते, पण त्यांनी घाई केली नाही. मग विचारलं, ‘‘मावशी, तुमच्याकडं शेती आहे ना? भावाभावांत वाटणी झाली की काय होतं?’’

‘‘एकाला जास्ती गेली की दुसऱ्याला कमी पडती,’’ अक्का म्हणाली.

‘‘हा आजार तसा नाही. ही वाटणीची जमीन नाही. तुमच्या घरात तो आहे, म्हणजे तुम्हा दोघींनाही होऊ शकत होता. दोघींनाही न होणं शक्य होतं. तुम्ही कमी खाल्लं म्हणून बहिणीकडं गेला नाही आणि तुम्ही जास्त खाल्लं म्हणून तिचा कमी होणार नाही. एवढंच होईल, एकीच्या ऐवजी दोघी माझ्याकडं याल.’’

अक्कानं विचारलं, ‘‘मग आत्या खोटं बोलली?’’

‘‘खोटं कशाला बोलतील? त्यांच्या काळात कुणी तपासत नव्हतं. ज्याचा पाय सडला तो दिसला. ज्यांचं अंगातल्या अंगात राहिलं ते दिसले नाहीत. तुमच्या चुलत्यांना नव्हतीच, हे तरी कुणी बघितलं होतं?’’

अक्काची त्या दिवशीची तपासणी केली. पेढे खाऊन सुद्धा ठीक निघाली. डॉक्टर हसल्या, पण म्हणाल्या, हे असंच राहील असं समजू नका, तोंडाकडं बघून काही ठरवू नका, वर्षाला येत जा. रात्री अंथरुणावर पडल्यावर अंधारात अक्काचा आवाज आला, ‘‘शके… मग म्या इतकी वर्सं कुणाची वाट बघत व्हते गं?’’ मी तिच्या अंगावर पांघरूण सारखं केलं.

सकाळी उठली तेव्हा मात्र ती नेहमीची अक्का होती. म्हणाली, ‘‘चल, तुला न्हाय जमायचं एकटीला. म्या शिकवते.’’ ती महिनाभर राहिली. ज्याला तो आजार कधी झाला नाही अशा माणसासारखी ती बोलत नव्हती, ज्यानं आयुष्यभर त्याच्याबरोबर संसार केला अशा माणसासारखी बोलत होती. भाताची भूक भाकरीवर कशी न्यायची, लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्या बाईला काय सांगून गप्प करायचं, गोड समोर आलं की नजर कुठं न्यायची, हे सगळं तिला पाठ होतं. भज्यांचं मात्र डॉक्टरांनी तिला समजावलं, तेव्हा ती फार नाराज झाली. संध्याकाळी मला घेऊन मार्केट यार्डाच्या रस्त्यानं चालायला जायची. मी दमले की म्हणायची, ‘‘अण्णा दोन कोस चालायचे.’’ मी म्हणायचे, ‘‘अण्णांना तरीही झाली ना?’’ मग दोघी हसायचो. रात्री मला खाटेवर बसवून माझे तळपाय दिव्याकडं धरून बघायची, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवायची. मला संकोच वाटायचा. ती म्हणायची, ‘‘गप बस. म्या ह्यात पास झालेली हाय.’’

त्यानंतरच्या होळीला मी तेरला गेले होते. अक्कानं पुरणाची पोळी केली, अर्धी मोडली, तूप घातलं आणि माझ्याकडं बघत खाल्ली. मी पाव खाल्ली. म्हणाली, ‘‘चांगली लागती की गं. लोकं उगं न्हाय मरत हिच्यापायी.’’ तिचं पथ्य सुटलं नाही, पण त्यातलं भूत गेलं. वर्षाला तपासायची, ‘न्हाय’ म्हणून सांगायची, आणि ते सांगताना आता कुणाची वाट बघत नव्हती असं मला वाटायचं. वाटायचं म्हणते, कारण दवाखान्यात मला शंका आली.

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला, अंगावर काढला, आणि तो छातीत उतरला. धाराशिवला भरती केलं तेव्हा श्वास लागला होता. तिथं सिस्टर दर काही तासांनी बोटाला टोचून साखर बघायची, सगळ्याच पेशंटची बघत होती. अक्काच्या नाकाला ऑक्सिजनची नळी, बोलायला त्रास, पण सिस्टरनं बोट धरलं की तिचे डोळे उघडायचे. ‘‘किती आली?’’ सिस्टर म्हणायची, ‘‘छान आहे आजी, काही नाही.’’ अक्का म्हणायची, ‘‘मशीन बघा नीट.’’ दोन दिवस हे चाललं. वॉर्डातल्या दुसऱ्या पेशंटच्या बायका हसायला लागल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सिस्टर गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

‘‘शके, न्हाय आली बघ.’’

तिला सुटल्यासारखं वाटत होतं की हुकल्यासारखं, ते मला तिच्या चेहऱ्यावरून काढता आलं नाही. जन्मभर चेहरे काढायला शिकवले, पण नाही आलं. मी तिचा हात दाबला आणि म्हटलं, ‘‘बरं झालं, अक्का.’’ तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, ‘‘तुझी कशीय?’’ मी म्हटलं, आटोक्यात आहे. त्यावर तिला माझ्या गोळ्या आठवल्या आणि तिनं मला कळंबला पाठवलं. त्यानंतरचं सुरुवातीला लिहिलंच आहे.

तेराव्याला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर बाळू माझ्याजवळ येऊन बसला. त्याचं शेतीच्या मोटारींचं दुकान आहे, दिवसभर गादीवर बसून, पोट सुटलेलं, चाळिशी उलटलेली. रडून मोकळा झालेला, थोडा शांत. बोलता बोलता म्हणाला, ‘‘एक बरं झालं मावशी. आईला शेवटपर्यंत शुगर निघाली न्हाय. म्हणजे आमच्याकडची लाइन क्लिअर. ती तुमच्या बाजूला वळाली.’’

आत्याला जाऊन किती वर्षं झाली असतील… मी म्हटलं, ‘‘बाळू, तू कधी तपासलीस?’’ तो हसला. ‘‘मला काय झालंय? अन् आईलाच नव्हती की.’’ दाजींचं नाव मी घेतलं नाही, पण मनात ते आलेच. मी त्याला सांगितलं, तुझ्या आईनं सगळा जन्म दुसऱ्याच्या सांगण्यावर काढला, तू तरी तुझ्या अंगाचं तुझ्या अंगाला विचार. आठवडाभरात उपाशीपोटी जाऊन रक्त दे, मला आकडा पाहिजे. तो व्हय व्हय म्हणाला. मला वाटलं, जाणार नाही. पण गेला. तिकडून फोन केला तेव्हा आवाज उतरलेला होता. ‘‘मावशी, डॉक्टर म्हणत्यात काठावर हाय. गोळी न्हाय लागणार, पण वजन उतरवा म्हणाले, चाला म्हणाले.’’ मग म्हणाला, ‘‘आईला काय वाटलं असतं?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही. तिनं तुला शिकवलं असतं.’’

गेल्या रविवारी तेरला जाऊन आले. सून स्वयंपाकघरात चहा टाकत होती. शेगडीवर दोन पातेली होती, एक मोठं आणि एक लहान, ॲल्युमिनियमचं, कडेला चेपलेलं, अक्काच्या बिनसाखरेच्या चहाचं. मी दारातून बघून म्हटलं, लहान कशाला, मी घेईन ना सगळ्यांच्यातला थोडा. ती म्हणाली, ‘‘तुमचाच न्हाय मावशी, ह्यांचा बी हाय.’’ मग पहिल्या पातेल्यात साखर घातली, दुसऱ्यात घातली नाही. बाळू दुकानातून आला, चपला काढल्या, बसला. त्याच्या पोरीनं आतून ओरडून विचारलं, ‘‘पप्पा, तुमाला साधा चहा की आजीचा?’’

बाळूनं माझ्याकडं बघितलं. ‘‘आजीचा दे,’’ म्हणाला.

पोरगी दोन कप घेऊन बाहेर आली, एक त्याचा, एक माझा. पहिल्या घोटाला त्यानं तोंड वाकडं केलं. मग फुंकून दुसरा घोट घेतला.